थांबून वाचणारी शाळा

५ जानेवारी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या बंधूचा साष्टांग नमस्कार. अष्टांगांपैकी डावा गुडघा हे अंग सध्या वाकण्यास असमर्थ असल्याने एका अंगाची सूट गृहीत धरावी.

गेले वर्षभर मी तुला पत्र लिहिले नाही. याचे कारण मी रुसलो होतो, असे तू घरात सर्वांना सांगत असशील तर ते सत्यास धरून नाही. रुसवा लहान मुलांना येतो. मुख्याध्यापकास मौन येते. ते मौन आज मी सोडत आहे, आणि तेही केवळ प्रशासकीय कारणास्तव.

गतवर्षी तू परीक्षक होऊन माझ्या शाळेत आलीस, तिसरी-चौथीच्या मुलांचे वाचन ऐकलेस आणि आम्हांस 'ड' श्रेणी प्रदान केलीस. सख्ख्या भावाच्या शाळेवर सख्खी बहीण परीक्षक नेमणे हा शिक्षणखात्याचा विनोद होता. परंतु कोणी पक्षपाताचा आरोप करू नये म्हणून तू निःपक्षपातीपणाची जी पराकाष्ठा केलीस, तीत एकच पक्ष घायाळ झाला आणि तो माझा होता. त्या सायंकाळी तुझ्या दारात उभा राहून मी जे काही बोललो, ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, एवढेच आजही म्हणेन. त्यावर तू "दार लाव, वारा येतोय" असे म्हणालीस. दार मी लावले. बाहेरून.

असो. आता कारण ऐक. खात्याचा आदेश आला आहे. मार्चच्या आरंभी आमची फेरतपासणी होणार. पुन्हा 'ड' मिळाल्यास माझी शाळा बंद करून ती पुलापलीकडच्या तुझ्या शाळेत 'विलीन' करण्यात येईल. शब्द मोठा आध्यात्मिक आहे. थेंब सागरात विलीन होतो तेव्हा सागर प्रसन्न असतो; थेंबाचे मत कोणी विचारत नाही.

प्रत्यक्षात काय होईल ते तुला ठाऊक नसावे, कारण तुझी शाळा दहा वाजता भरते आणि त्या वेळेपर्यंत माझ्या मुलांच्या आयांच्या पाठी दुखू लागलेल्या असतात. लाँड्रीची पाळी सातला सुरू होते, मासळीबाजाराचीही तेव्हाच. आम्ही पावणेसातला फाटक उघडतो. आया मुलाला आत ढकलतात, त्याच्या नाकाकडे एकदा पाहतात आणि धावतात. त्या पूल ओलांडून दहापर्यंत तुझ्या फाटकाशी उभ्या राहणार नाहीत. मुले विलीन होणार नाहीत, ताई. ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत न धुतलेल्या चादरींच्या ढिगावर लोळत पडतील आणि खात्याच्या कागदावर तुझ्या शाळेची पटसंख्या वाढलेली दिसेल.

खात्याने आमच्याकडून 'विद्यार्थ्यांची सामाजिक व भाषिक संरचना' या विषयावर एक पान मागवले आहे. मी पाच पाने लिहिली. सारांश असा : आमच्याकडे मूल प्रथम येते तेव्हा त्याच्या हाती दप्तर नसते, धाकटे भावंड असते. घरात त्याची एक भाषा, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी. बापाचे काम जिथे, तिथे कुटुंब. म्हणून मुले ऋतू पाहून येत नाहीत, ठेकेदार पाहून येतात. वर्षाच्या मध्यावर निम्मा वर्ग नवा असतो. आणि ज्या घराचे बस्तान बसते, ज्याच्या बापाला कायमची नोकरी लागते, ते घर सर्वप्रथम काय करते? पूल ओलांडते. मूल वाचू लागले की ते तुझे. माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघर आणि तुझी म्हणजे दिवाणखाना. पाहुणे स्तुती दिवाणखान्याची करतात, हे मी कोणत्याही कटुतेविना नमूद करतो.

मी तुझ्याकडे काहीही मागत नाही. फक्त कळवत आहे. मी एक स्टॉपवॉच विकत घेतले आहे.

तुझा मौनमुक्त बंधू


२२ जानेवारी

तीर्थरूप ताईस,

तुझे कार्ड पोचले. संपूर्ण मजकूर असा : "पंडिता, पत्र मिळालं. वाक्यं लांब आहेत. मुलांचा सराव घे. गुडघा शेक. ताई." वर्षभरानंतर कानी आलेला सहोदर भगिनीचा हा पहिला हुंकार. तो मी दोनदा वाचला. 'पंडिता' या संबोधनाबद्दल तक्रार नाही. सातव्या वर्षी तू ठेवलेले नाव पन्नाशीत बदलून मिळेल, अशी आशा मी ठेवलेली नाही.

गुडघा शेकला. सरावही घेतला. आता ऐक काय झाले ते.

परीक्षेचा नियम तुला सांगणे म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवणे. तरी विषयाच्या परिपूर्तीसाठी सांगतो. वर्षारंभापासून पटावर असलेल्या प्रत्येक मुलाने एक मिनिट प्रकट वाचन करावे. परीक्षकाने शब्द मोजावेत. बस्स. मी माझ्या खोलीत टेबलामागे स्थानापन्न झालो, मुद्रा परीक्षकास शोभेल अशी गंभीर केली आणि चौथीतल्या एका मुलीस पाचारण केले. तिला सगळे भिंगरी म्हणतात. हिचा बाप मासळीबाजारात बर्फ फोडतो. वर्गातली सर्वोत्तम वाचणारी, असे मोठ्या बाईंचे मत. मोठ्या बाई म्हणजे माझ्या ज्येष्ठ सहकारी. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, बाकी सर्व बाबतींत माझ्या वर आहेत.

मी घड्याळ दाबले. भिंगरीने वाचले, "मांजर खिडकीत बसले." सुस्पष्ट, खणखणीत. आणि ती थांबली. माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

मी गंभीर.

ती म्हणाली, "म्हणजे आत नाही आणि बाहेर पण नाही. मधेच. कळलं का?"

मी म्हटले, "अगं, मी मुख्याध्यापक आहे."

"हो सर. पण कळलं का?"

मी म्हटले, "वाच पुढे." तिने वाचले, "त्याला पक्षी दिसला." पुन्हा थांबली. पुन्हा माझ्या मुखमंडलाचे अवलोकन. नंतर दोन्ही हातांचे पंख करून दाखवले, मांजराचे डोळे करून दाखवले आणि विचारले, "आता?" मिनिट संपले. शब्द झाले सहा.

पुढचा मुलगा आला. तोच प्रकार. त्याच्या पुढची आली. तिने तर मला खडूने फळ्यावर मांजर काढून दाखवले. माझ्या मनात प्रथम आले, हा उद्धटपणा आहे. नंतर वाटले, हा कट आहे. मी मोठ्या बाईंना बोलावले.

त्या म्हणाल्या, "यात नवीन काय आहे सर? जोडीनं वाचतात ना ती. तुम्हीच नाही का अहवालात लिहिलंत? तीन पानं?"

लिहिले होते. 'परस्परानुवाचन : एक अभिनव उपक्रम.' त्या तीन पानांतील भाषासौष्ठवाचे मला आजही समाधान आहे. परंतु लिहिण्यासाठी तो उपक्रम बसून पाहावा लागतो, असे मला त्या वेळी वाटले नव्हते.

उपक्रम असा. काही वर्षांपूर्वी नव्या मुलांची संख्या इतकी वाढली की मोठ्या बाई एकट्या पुरेनात. तेव्हा त्यांनी एक रीत घातली. वाचता येणाऱ्या प्रत्येक मुलाशेजारी एक न येणारे मूल बसवायचे. येणाऱ्याने एक वाक्य वाचायचे आणि शेजाऱ्याकडे बघायचे. त्याने मान डोलावली तर पुढे जायचे. नाही डोलावली तर समजावून सांगायचे : हाताने, तोंडाने, त्याच्या भाषेत, आपल्या भाषेत, जमेल तसे. मान हलल्याशिवाय दुसऱ्या वाक्याला हात लावायचा नाही. मुलांनी हा नियम इतका आत्मसात केला आहे की वाचणे म्हणजेच कोणासाठी तरी वाचणे, अशी त्यांची धारणा झाली आहे. एकट्याने वाचता येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

हे वाचन नव्हे, ताई, हे यजमानपण झाले. पाहुण्याच्या ताटातले संपल्याशिवाय आपण पुढचा घास घ्यायचा नाही. आणि शब्द मोजणाऱ्या घड्याळापुढे यजमानाचा टिकाव लागत नाही.

म्हणून मी तात्काळ निर्णय घेतला. जोड्या मोडल्या. नव्या मुलांना मागच्या व्हरांड्यात चित्रकलेस बसवले. वाचणाऱ्यांना ओळीत उभे केले. 'थांबायचे नाही, पाहायचे नाही, विचारायचे नाही' ही त्रिसूत्री फळ्यावर लिहिली. मोठ्या बाई म्हणाल्या, "करा. शाळा तुमची आहे. मुलं माझी आहेत." आणि तेव्हापासून त्या माझ्याशी केवळ शिपाईमामांच्या मार्फत संभाषण करतात. "मामा, सरांना सांगा, खडू संपलाय." मी समोरच उभा असतो.

पण फळ पाहा. आठवड्याच्या आत भिंगरी नळ सोडल्यासारखी वाचू लागली. शब्दांची संख्या इतकी झाली की मोजताना मलाच धाप लागते. बाकीचीही मागोमाग आहेत. या गतीने आम्हांस 'ब' श्रेणीही अशक्य नाही. मार्चमध्ये तू माझे अभिनंदन करशील तेव्हा मी विनयाने मान खाली घालीन. सराव आतापासून सुरू केला आहे.

तुझा विजयोन्मुख बंधू


१४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

तुझ्या कार्डावर या खेपेस एकच वाक्य होते : "नव्या मुलांचं काय?" इतक्या संक्षेपाने इतके अस्वस्थ करणे, ही कला तुझ्याकडून शिकण्याजोगी आहे.

नव्या मुलांचे असे झाले की ती येईनाशी झाली.

यांत एक मुलगी आहे. हिला वर्गात 'हं' म्हणतात, कारण ऑक्टोबरात आली तेव्हापासून तिच्या मुखातून तेवढेच एक अक्षर निघाले. ती भिंगरीची जोडीदार होती. भिंगरी वाक्य वाचे, ही "हं" म्हणून मान हलवी, भिंगरी पुढे जाई. मोठ्या बाईंच्या मते डिसेंबरात त्या "हं"चे तीन निरनिराळे प्रकार झाले होते : कळले, अर्धे कळले, आणि कळले नाही पण तू पुढे जा. व्हरांड्यात गेल्यावर हिने आठवडाभर घरे काढली. एकाही घराला दार नव्हते. मग ती आलीच नाही.

सोमवारी भिंगरी माझ्या खोलीत आली. मी म्हटले, सरावास आली असेल, घड्याळ हातात घेतले.

"सर, मी आता फास्ट वाचते ना?"

"अतिशय. अभिनंदनीय."

"पण कुणाला वाचते?"

मी म्हटले, "मला वाचतेस."

"तुम्ही तर घड्याळाकडे बघता." नंतर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, परवा मी वाचलं ना, त्याच्यात काय होतं, मलाच माहीत नाही. मांजराचं होतं का?"

नव्हते. बैलगाडीचे होते. मामांना सांगून शाळा सुटण्याआधीच बाहेर पडलो आणि लाँड्रीत गेलो.

ती जागा तू पाहिलेली नाहीस. पुढे काउंटर, त्यामागे लांबच लांब खोली, तीत वाफ इतकी की माझा चष्मा दारातच निवृत्त झाला. हॉटेलांच्या चादरी दोरीवर भिंतीसारख्या उभ्या. हंची आई त्या भिंतींच्या मधे इस्त्री फिरवत होती. तिला माझी भाषा तोडकीमोडकी येते; मला तिची तेवढीही येत नाही. पन्नास वर्षांचा, तीन शिक्षणशास्त्रीय पदव्या धारण करणारा पुरुष, मी तिच्यासमोर हातवारे करत उभा होतो. तिने इस्त्री उभी ठेवली आणि ती म्हणाली, "मुलगी सांगते, शाळेत आता कोण थांबत नाही."

मी म्हटले, "कशासाठी?"

ती म्हणाली, "तिच्यासाठी." आणि चादर उलटली.

हं चादरींच्या मागे बसली होती. मला पाहून तिने तोंड वळवले. तिच्या हुंकाराचा हा चौथा प्रकार होता आणि तो मला तात्काळ समजला.

मंगळवारी सकाळी फाटक उघडण्यापूर्वी मी मोठ्या बाईंना म्हणालो, "त्रिसूत्री पुसतो आहे." त्या मामांकडे वळून म्हणाल्या, "मामा, सरांना सांगा, पुसली मी काल संध्याकाळीच." मामा म्हणाले, "बाई, सर इथंच आहेत." बाई म्हणाल्या, "हो का? मग बरं झालं." संभाषण पूर्ववत झाले. जोड्या पूर्ववत झाल्या. व्हरांडा रिकामा आहे. हं शुक्रवारी आली, भिंगरीच्या शेजारी बसली आणि दिवसभर, बाईंच्या मोजणीप्रमाणे, दुसऱ्या प्रकारचे "हं" म्हणत राहिली.

तेव्हा आता स्थिती स्पष्ट आहे. तीन आठवड्यांनी परीक्षक येईल. माझी मुले वाक्य वाचतील आणि थांबतील. परीक्षक नियमानुसार निश्चल बसेल. 'ड' निश्चित. मी शाळा वाचवण्याकरिता शाळाच मोडायला निघालो होतो. ते करणार नाही. बुडायचेच असेल तर सर्व प्रवाशांसह, व्यवस्थित रांगेत बुडू.

एक गोष्ट मात्र तुला सांगितल्याविना राहवत नाही. शनिवारी मी भिंगरीस सहज विचारले, गेल्या वर्षी तिसरीत तुझी परीक्षा झाली होती, आठवते का? ती म्हणाली :

"हो. त्या चष्म्याच्या बाई आल्या होत्या. त्या नवीन होत्या का, सर?"

"नवीन म्हणजे?"

"त्यांना काहीच कळत नव्हतं. मी वाचलं, त्या नुसत्या बघत बसल्या. मी परत सांगितलं. हात करून सांगितलं. तरी मान नाही हलवली. आमची सगळी मुलं दमली. मग घंटी झाली." मग ती म्हणाली, "मला त्यांचं वाईट वाटलं. कुणी त्यांना जोडीदार दिला नव्हता."

ताई, तुझ्या अहवालातला शेरा मला तोंडपाठ आहे : 'मुले वाक्यागणिक अडखळतात.' मी वर्षभर त्या शब्दावर चरफडलो, पण त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आता आहे. ती अडखळत नव्हती. ती तुझ्यासाठी थांबली होती.

मी याही पत्रात काही मागत नाही. एवढेच कळवतो की यंदाचा परीक्षक दूरच्या गावाहून येणार आहे, आणि नियमाप्रमाणे त्याच्यासोबत शेजारच्या शाळेचा एक निरीक्षक खोलीत बसावा लागतो. शेजारची शाळा एकच आहे. तू तुझ्या उपमुख्याध्यापकास पाठवलेस तरी माझी हरकत नाही. तो सज्जन आहे असे ऐकतो.

तुझा बुडता बंधू


१९ मार्च

प्रिय ताई,

'तीर्थरूप' आज वगळले आहे. तीर्थाला मानदुखी होत नाही.

तुझे शेवटचे कार्ड मी खिशात घालून हिंडत होतो : "नियमावली पुन्हा वाचली. निरीक्षकाने बोलू नये असं लिहिलंय. मानेबद्दल काही नाही. येते." मोठ्या बाईंना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात शब्द वाटताना एकालाच सगळे दिलेत वाटतं." मामांनी मात्र तुझ्या खुर्चीला उशी बांधली.

त्या दिवशी तू खोलीत होतीस, म्हणून काय झाले ते मी तुला सांगणे वेडेपणाचे आहे. पण तुझे तोंड मुलांकडे होते आणि मी खिडकीबाहेर होतो. त्यामुळे जे तुला दिसले नाही ते मी पाहिले, आणि त्याचा वृत्तांत सादर करणे माझे कर्तव्य समजतो.

परीक्षक तरुण, नम्र, इस्त्रीचा सदरा. मुलांनी त्याचे नाव लगेच घड्याळसाहेब ठेवले. एक डोळा घड्याळावर, एक पाठावर, मुलासाठी तिसरा नव्हता. तू त्याच्या मागे, बरोबर मुलाच्या नजरेच्या रेषेत. पहिली आली भिंगरी. तिने तुला पाहिले आणि ओळखले. तिचा चेहरा पडला, ताई. 'हीच ती नवीन बाई' असे तिच्या कपाळावर लिहिलेले मी काचेतून वाचले. तिने वाक्य वाचले. थांबली.

तू मान डोलावलीस.

तिला विश्वास बसेना. दुसरे वाक्य तिने जरा हळू वाचले, तुला झेपावे म्हणून. तू पुन्हा मान डोलावलीस. तिसऱ्या वाक्यापासून तिने तुझ्यावर भरवसा टाकला, आणि मग ती जी सुटली! प्रत्येक वाक्याअखेर एक क्षण थांबे, तुझी मान पाही, निघे. घड्याळसाहेब बोट सरकवत धावत होता.

एकामागून एक, दोन्ही वर्गांतली परीक्षेस पात्र सगळी मुले आली. तू एकाही वाक्याला चुकली नाहीस. विसाव्या मुलापर्यंत तुझी मान एका बाजूने डोलू लागली होती. मधल्या सुट्टीत घड्याळसाहेबाने तुला विचारलेले मी व्हरांड्यातून ऐकले : "मॅडम, आपण सारखी मान हलवत होता. काही त्रास आहे का?" तू म्हणालीस, "नाही. ऐकते आहे. ऐकताना हलते." तो विचारात पडला. सुट्टीनंतर, तुला कळले की नाही कोण जाणे, तोही अधूनमधून हलवू लागला.

निकाल काल आला. 'क' श्रेणी. विलीनीकरण रद्द. 'क' म्हणजे उत्तीर्णांच्या पंक्तीतले शेवटचे आसन, हे मी जाणतो. परंतु व्यंजनांचा आरंभही तिथूनच होतो, असे मी शाळेच्या सूचनाफलकावर लिहिले आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढं लांब नका लिहू. 'शाळा चालू राहील' एवढंच लिहा. आयांना तेवढंच वाचायचंय." म्हणून तेही लिहिले, मोठ्या अक्षरात. पावणेसातला फाटकाशी हंच्या आईने ते वाचले. संपूर्ण वाचले, एकेक अक्षर लावून. मग मुलीला आत ढकलले आणि धावली.

भिंगरीला मी निकाल सांगितला. तिला 'क'मध्ये रस नव्हता. तिने विचारले, "सर, त्या बाईंना या वर्षी सगळं कळलं. कुणी शिकवलं त्यांना?"

मी म्हटले, "तूच."

"मी तर एकदाच भेटले होते."

"त्यांना वर्ष लागले," मी म्हटले. भिंगरीला हे अगदी रास्त वाटले. ती म्हणाली, हंला पण वेळ लागतोय.

त्या दिवशी निघताना तू विचारलेस की ही जोडीची रीत तुझ्या शाळेत लावायची तर कशी. मोठ्या बाई येतील, सांगतील. पण तुझ्याकडे वाचता न येणारे मूल एकही नाही. शेजारी बसवणार कोणाला? यावर त्यांचे म्हणणे, "शिक्षकांना बसवा." मी हे केवळ तुझ्यापर्यंत पोचवतो. भाष्य करत नाही.

आता जे तुला स्वतःला ठाऊक आहे आणि जे मी पाहिले हे तुला ठाऊक नाही, ते सांगून संपवतो. परीक्षा आटोपली, घड्याळसाहेब गेला. तू व्हरांड्याच्या पायरीवर मान चोळत बसली होतीस. मी तुझ्याकरिता चहा आणत होतो आणि वर्षभराने प्रथम काय बोलावे, याची जुळवाजुळव करीत होतो. एक अत्यंत सुंदर वाक्य तयार झाले होते. तेवढ्यात हं आली. तिची परीक्षा नव्हतीच; ती दिवसभर दाराआडून तुझी मान पाहत होती. ती पुस्तक घेऊन तुझ्या शेजारी बसली. बोट ठेवले. आणि वाचले : "कुत्रा हळूहळू पाणी पितो."

ऑक्टोबरपासूनचे तिचे पहिले वाक्य. ती थांबली, तुझ्याकडे पाहिले.

तू मान हलवली नाहीस. गेल्या वर्षीचाच तो दगडी चेहरा. मी पुढे येणार होतो, पण मोठ्या बाईंनी माझी बाही धरली.

हंने पुन्हा वाचले, थोडे मोठ्याने. तू तशीच. मग तिने पुस्तक मांडीवरून खाली ठेवले, पायरीवर दोन्ही हात टेकले, जीभ बाहेर काढली आणि अर्ध्या तिच्या, अर्ध्या आपल्या भाषेत तुला कुत्रा समजावून सांगू लागली : तो तहानलेला आहे, पाणी गार आहे, घाई नाही. इतके शब्द त्या मुलीत होते हे तिच्या आईलाही ठाऊक नसावे. तू शेवटपर्यंत ऐकलेस. एक शंकाही काढलीस, "म्हणजे सगळं पीत नाही?" ती म्हणाली, "पितो. पण हळू."

तेव्हा कुठे तू मान डोलावलीस. आणि तिने पान उलटले.

चहा गार झाला होता. मी तो स्वतः प्यालो आणि तुझ्यासाठी दुसरा आणला. ते सुंदर वाक्य मात्र राहूनच गेले.

मानेला शेक घे.

तुझा धाकटा भाऊ,
पदावर अद्याप विराजमान